उजनीचं पाणी जानेवारीतच हिरवं का होतं

जानेवारी २०२४चा शेवटचा आठवडा होता. पहाटे साडेपाचला प्लांटवरच्या ऑपरेटरचा फोन आला, "सर, बेड परत बसला." बेड बसला म्हणजे वाळूचा फिल्टर चोंदला, वरून पाणी सोडलं तरी खाली उतरेना. एरवी आमचा बेड दिवसभर चालतो, मग त्याला बॅकवॉश द्यायचा, म्हणजे खालून उलटं पाणी सोडून धुवायचा. त्या आठवड्यात तो पाच-सहा तासांवर आला होता. बॅकवॉशला लागणारं पाणीही शुद्ध केलेलंच असतं. म्हणजे जितक्या वेळा बेड धुवायचा, तितकं गावाचं पाणी आम्हीच गटारात सोडत होतो.

उजनी धरणाच्या काठावरच्या एका लहान पाणीयोजनेवर मी केमिस्ट होतो. योजना कुठली, हे सांगण्यात अर्थ नाही. बॅकवॉटरवरच्या कुठल्याही योजनेत त्या दिवसांत थोड्याफार फरकानं हेच दिसलं असतं. त्या सकाळी जॅकवेलजवळून, म्हणजे धरणाचं पाणी जिथून उपसतो त्या विहिरीजवळून, काचेची बरणी भरून आणली आणि प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवली. अर्ध्या तासात तळाला चिमूटभर करडा गाळ बसला, मधलं पाणी बऱ्यापैकी नितळ झालं, आणि वर रव्याच्या दाण्याएवढ्या हिरव्या कणांची साय धरली. बरणी हलवली की साय मोडायची, ठेवली की परत जमायची. नेहमीचं हिरवं शेवाळ असतं तर त्याचे धागे मध्येच लोंबकळले असते किंवा ते तळाशी गेलं असतं. आपणहून वर येतंय, म्हणजे त्याच्या पेशींत हवेच्या बारीक पिशव्या आहेत, म्हणजे हे नील-हरित शेवाळ. नावाला शेवाळ, जातीनं जिवाणू. आमच्या जुन्या मायक्रोस्कोपखाली बारीक गोल पेशींचे पुंजकेच्या पुंजके दिसले: मायक्रोसिस्टिस.

कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: ऊन वाढलं की शेवाळ वाढतं. पण तेव्हा ऑपरेटर अंगात स्वेटर घालून बसला होता. मग हे उन्हाळ्याचं दुखणं थंडीत कसं उपटलं?

त्यासाठी आधी हे धरण कसलं आहे ते बघावं लागतं. माढा तालुक्यात भीमेवर १९८० साली पूर्ण झालेलं हे धरण आकड्यांत फार मोठं दिसतं. एकूण साठा ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. पण त्यातला उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आणि मृतसाठा, म्हणजे धरणाच्या दारांच्या पातळीखाली राहणारं पाणी, ६३.६६. निम्म्याहून जास्त पाणी मृत! जायकवाडी साधारण १०२ टीएमसीचं आहे आणि तिथला मृतसाठा २६च्या आसपास. आमच्याकडे लोक धरण 'मायनस'मध्ये गेलं म्हणतात, ते यामुळेच. शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं नव्हे. शून्याखालीही समुद्रासारखं पाणी पसरलेलं असतं आणि आम्ही ते उपसतच असतो.

दुसरी गोष्ट आकाराची. भरलेलं धरण तीनशे चौरस किलोमीटरच्या घरात पसरतं. साठ्याला क्षेत्रानं भागलं तर सरासरी खोली दहा-अकरा मीटर निघते. भिंतीजवळ पाणी खोल आहे, पण वर दौंड, इंदापूर, कर्जत, करमाळ्याकडे धरण म्हणजे नुसती परात. भिगवण आणि कुंभारगावाला थंडीत रोहित पक्षी येतात, त्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. रोहित सहसा पोहत नाहीत, उभे असतात. पक्ष्याच्या गुडघ्याएवढं पाणी, खाली मऊ गाळ, वर दिवसभर ऊन. शेवाळाला यापेक्षा चांगलं शेत कुठे मिळणार?

आता वर्षभर या परातीत काय होतं ते बघा. जून ते सप्टेंबर पाणी गढूळ असतं. उजेड हातभरही खाली जात नाही, पुराचा ओढा असतो, त्यामुळे शेवाळाला बस्तान बसवता येत नाही. ऑक्टोबरमध्ये गाळ खाली बसू लागतो. नोव्हेंबरात पाणी इतकं छान दिसतं की बघणारा खूश होतो. आम्ही स्टीलच्या ताटलीला अर्धा पांढरा, अर्धा काळा रंग मारून ती गाठी बांधलेल्या दोरीनं सोडायचो. ताटली दिसेनाशी होते ती खोली म्हणजे पाण्याची पारदर्शकता. वर्षातली सगळ्यात जास्त खोली नोव्हेंबरात मिळायची. त्या दिवसांत उजेड जितका खाली जातो, तितका तो पुढे कधीच जात नाही.

आणि त्याच महिन्यात नद्यांचं अंग बदललेलं असतं. सह्याद्रीवरून येणारं पावसाचं पाणी थांबलेलं, वरची धरणं आपलं पाणी धरून बसलेली. पवना दापोडीला मुळेला मिळते, इंद्रायणी तुळापूरला भीमेला, मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसला. पावसाळ्यात या पाण्यात सांडपाणी मिसळलेलं असतं. हिवाळ्यात सांडपाण्यात थोडी नदी मिसळलेली असते. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस टीव्हीवर दिसतो, तो फेस विरतो. त्यातला फॉस्फरस, म्हणजे शेवाळाचं खत, विरत नाही, तो खाली आमच्याकडे येतो.

याचा ढोबळ हिशेब मी एकदा प्लांटच्या लॉगबुकच्या मागच्या पानावर केला होता. २०११च्या जनगणनेत पुणे ३१ लाख आणि पिंपरी-चिंचवड १७ लाख. आज आकडा बराच वाढलेला आहे, तरी पन्नास लाखच धरू. मलमूत्र आणि साबण-पावडर मिळून एका माणसाचा दिवसाला दीड ग्रॅम फॉस्फरस धरला, तर दिवसाचे साडेसात टन, वर्षाचे सत्तावीसशे टन. हे सगळं भरलेल्या उजनीत विरघळवलं तर लिटरमागे ०.८ मिलिग्रॅम होतं. तलाव 'अतिपोषित' म्हणायला लिटरमागे ०.०३५ मिलिग्रॅम पुरे असतो. वाटेत तीन चतुर्थांश कुठेतरी अडकला, वाहून गेला असं मानलं, तरी उरलेला पाव हिस्सा मर्यादेच्या पाच-सहा पट आहे. यात उसाला, केळीला टाकलेलं डीएपी मी धरलेलंच नाही. आणि एक किलो फॉस्फरस पुरेसा नत्र आणि उजेड मिळाला, तर एक्केचाळीस किलो कार्बन शेवाळाच्या अंगात बांधू शकतो.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. शहरात मैलाशुद्धीकरण केंद्रं झाली की प्रश्न मिटला, असं बैठकांमध्ये बोललं जातं. पुण्यात २०१६ला जपानच्या जायका संस्थेच्या मदतीनं ११ केंद्रांचा, दिवसाला ३९६ दशलक्ष लिटरचा प्रकल्प मंजूर झाला. ते हवंच. पण नेहमीचं केंद्र बीओडी उतरवतं, म्हणजे पाण्यातली कुजणारी घाण कमी करतं. फॉस्फरस काढायची वेगळी सोय केली नसेल, तर त्यातला मोठा भाग स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातून तसाच पुढे जातो. वास गेलेलं, फेस नसलेलं पाणीही शेवाळाला तितकंच मानवतं.

तर नोव्हेंबर-डिसेंबरात उजेड आहे, खत आहे. तरी पाणी हिरवं व्हायला जानेवारी का लागतो? मला वाटतं, इथे खरी गंमत थंडीची आहे. उन्हाळ्यात आणि ऑक्टोबर हीटमध्ये धरणाच्या खोल भागात पाण्याचे थर पडतात: वर गरम आणि हलकं, खाली गार आणि जड. आपल्याकडे याला फार फरकही लागत नाही. पाणी २९ अंशांवरून ३० अंशांवर गेलं की जितकं हलकं होतं, ते ९ वरून १० वर जाताना होतं त्याच्या तिपटीहून जास्त असतं. त्यामुळे एक-दोन अंशांचा फरकही झाकणासारखा बसतो. झाकणाखालच्या पाण्यातला प्राणवायू गाळातले जिवाणू संपवतात. प्राणवायू संपला की गाळात लोहाला धरून बसलेला फॉस्फरस सुटतो आणि तळाच्या पाण्यात साठत जातो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा गाळ आहे हा. शहरानं आज सांडपाणी बंद केलं, तरी ही जुनी उधारी बरीच वर्षं फिटत राहील.

मग डिसेंबर-जानेवारीत करमाळा-माढ्याच्या माळावर रात्री कडक थंडी पडते. वरचं पाणी गार होतं, जड होतं, खाली बसतं. झाकण मोडतं. तळाचं पाणी वर येतं आणि आपल्याबरोबर तळाची शिदोरीही आणतं. त्या दिवसांत काठावर एक वेगळाच वास येतो, भिजवलेल्या काडतुसासारखा. दोन-चार दिवसांत जातो. जानेवारी सरता सरता दुपारचं ऊन चढू लागतं, वारा पडतो, आकाश निरभ्र असतं. सगळा मालमसाला तयार असताना कोणीतरी फक्त गॅस पेटवायचा बाकी होता, तो पेटतो. मार्च-एप्रिलमध्ये शेवाळ आणखी वाढतं हे खरं, पण पहिला मोठा उठाव जानेवारीअखेर ते फेब्रुवारीतला असतो आणि तोच प्लांटला बेसावध गाठतो.

२०२३-२४ला या सगळ्यावर कडी झाली. पावसाळा कमी पडला, धरण साठ टक्क्यांच्या आसपासच भरलं. सांडवा सुटला नाही, म्हणजे जुनं पाणी धुऊन निघालं नाही. कालव्याची आवर्तनं चालूच होती. जानेवारीतच धरण शून्याखाली गेलं. म्हणजे दर वर्षी थोडंफार ताज्या पाण्यात मिसळून मिळणारा मृतसाठा त्या वर्षी आम्ही हिवाळ्यापासूनच प्यायला घेतला. जूनमध्ये पातळी उणे साठ टक्क्यांपर्यंत उतरली. हिशेब केला तर मृतसाठ्यातलेही ३२ टीएमसी तोवर गेलेले होते. पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं की फोटोवाले येतात. आमचं लक्ष जॅकवेलच्या खिडक्यांकडे असायचं. वेगवेगळ्या पातळीवरून पाणी घेता यावं म्हणून विहिरीला तीन खिडक्या असतात. वरच्या दोन हवेत लोंबत होत्या. तिसरीवर जेमतेम पाणी, आणि शेवाळाची साय नेमकी त्याच पातळीला. वारा आमच्या काठाकडे फिरला की संध्याकाळपर्यंत खिडकीसमोर पिस्ता बर्फीचा थर लागायचा.

जानेवारीच्या त्या आठवड्यात आमच्याकडून एक चूक झाली, ती लिहून ठेवतो. बेड बसतोय म्हटल्यावर वरून सूचना आली, क्लोरीन वाढवा. आम्ही कच्च्या पाण्यात, अगदी सुरुवातीलाच, डोस जवळजवळ दुप्पट केला. दुसऱ्या दिवशी बेड थोडा बरा चालला. सगळे खूश. तिसऱ्या दिवशी गावातून फोन सुरू झाले: नळाला मातीचा वास येतोय, हंड्यात मासोळी ठेवल्यासारखं वाटतंय. झालं असं की क्लोरीननं पेशी फोडल्या आणि आत बंद असलेला माल पाण्यात सांडला. मातीचा वास जिओस्मिनचा. पहिल्या पावसाचा मृद्गंध म्हणून ज्यावर कविता होतात, ते हेच द्रव्य. लिटरमागे ग्रॅमचा दहा कोटीवा हिस्सा असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. हंड्यात मात्र त्यावर कोणी कविता करत नाही.

वास निदान कळतो. मायक्रोसिस्टिसमध्ये असू शकणारं मायक्रोसिस्टिन नावाचं विष ना दिसतं ना वास देतं. ते यकृतावर जातं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरमागे १ मायक्रोग्रॅम आहे. अमेरिकेत ओहायोतल्या टोलेडो शहरात ऑगस्ट २०१४मध्ये ती ओलांडली गेली, तेव्हा चार-पाच लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, आणि उकळूही नका, असं सांगावं लागलं. उकळल्यानं हे विष मरत नाही. पाणी आटतं आणि विष घट्ट होतं. आपल्याकडे पाण्याचा संशय आला की पहिला सल्ला 'उकळून प्या' हाच असतो. जंतूंसाठी तो शंभर टक्के बरोबर, इथे मात्र चुकीचा. आमच्याकडे मायक्रोसिस्टिन मोजायची सोय नव्हती. म्हणून पेशी न फोडता, अख्ख्या, बाहेर काढायच्या, एवढंच हातात होतं.

तसं केलं. सुरुवातीचा क्लोरीन बंद, सगळा डोस फिल्टरनंतर. तुरटी मात्र लागेना. कितीही टाका, फुलोराच धरत नव्हता, म्हणजे घाण गोळा होऊन खाली बसत नव्हती. कारण पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा. शेवाळ दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे सकाळी आठच्या आसपास असणारा पीएच दुपारी नऊच्या वर जातो, आणि तुरटीला साडेसहा-साडेसातचं पाणी आवडतं. मग उपसाच बदलला. दुपारी पंप बंद, रात्री दहा ते सकाळी आठ चालू. पहाटे पीएच उतरलेला असतो. रात्री सायही थोडी खाली पसरते, त्यामुळे पेशी पूर्ण टळत नाहीत, पण तुरटी चालू लागली. जॅकवेलच्या खिडकीसमोर पिंपांवर शेडनेट बांधून पडदा सोडला. दिसायला गबाळा, पण साय अडली. सेटलिंग टाकीतला गाळ दोन दिवसांऐवजी रोज काढला, कारण तिथे बसलेल्या पेशी मेल्या की परत तोच माल सुटतो. बेड पाच तासांवरून चौदा-पंधरावर आला. वास पूर्ण गेला नाही. त्यासाठी कोळशाची भुकटी लागते, ती लहान योजनेच्या बजेटात नसते.

या धावपळीत पहाटे काठावर एक मच्छीमार मामा रोज भेटायचे. ट्यूबवर बसून तंगूसाचं जाळं काढायचे. एकदा विचारलं, "मामा, मासा कसाय?"

"चिलापी हाय की. पण पहाटं बघा, तोंड वर काढून वारं पितीया. ऊन आलं की जाती खाली."

यंत्राविना अचूक निरीक्षण. दिवसा शेवाळ प्राणवायू देतं, रात्री तोच खातं. पहाटे पाण्यातला साठा सगळ्यात कमी. चिलापी चिवट म्हणून टिकते. बाकी मासे कमी झाले म्हणून मामा हळहळत होते. त्यांच्या हातांना खाज होती. डॉक्टरनं मलम दिलं होतं, पाण्याचं कोणी विचारलं नव्हतं. गुरं त्या सायीच्या काठावर पाजू नका, एवढं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "सायेब, गुरांस्नी काय दुसरं तळं हाय व्हय?"

पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर लोक गाळपेर करतात. मोटारी, पाईप, केबल पुढे पुढे नेत पाण्यापर्यंत चारी खोदतात. त्या जमिनीला टाकलेलं खत ऑगस्टात थेट धरणाच्या पोटात जातं. पण त्यांना बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. धरणात जमीन गेलेल्यांचीच ती पुढची पिढी आहे, आणि पुण्याच्या हिशेबापुढे त्यांचं खत किती!

बैठकीत उपाय सुचवणारे बरेच भेटले. एकाला मोरचूद मारायचं होतं. फक्त वरच्या एक मीटर पाण्यात, दोनशे चौरस किलोमीटरवर, लिटरला एक मिलिग्रॅम म्हटलं तरी दोनशे टन मोरचूद होतं. वर पेशी फुटून विष सुटणार ते वेगळंच. दुसरे एक जण जिवाणूंचं द्रावण विकायला आले होते. पाण्यातला फॉस्फरस शेवटी जातो कुठे, एवढं विचारल्यावर चहा पिऊन गेले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या यादीत महाराष्ट्रातले ५३ नदीपट्टे प्रदूषित म्हणून नोंदले होते, देशात सगळ्यात जास्त, आणि उजनीला पाणी देणाऱ्या नद्या त्यात होत्या. शेवाळ माढ्यात दिसतं म्हणून त्याचं औषध माढ्यात शोधायचं, हे मला पायाला लागलेला काटा डोक्यावर शोधण्यासारखं वाटतं. कुठल्या महिन्यात हिरवं व्हायचं ते हवामान ठरवतं. किती व्हायचं ते पुण्याकडची गटारं ठरवतात. प्लांटवर आम्ही फक्त महिना ओळखू शकतो.

म्हणून तेवढंच शिकलो. सोलापूरसारख्या शहरात तेव्हा नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं आणि लोक ते पिंपात साठवायचे. आमच्या गावातही तेच. एक दिवसाचं वासाचं पाणी तिथे चार दिवस प्यावं लागायचं. त्यामुळे वेळेत कळणं याला किंमत आहे. बरणी, ताटली, सकाळ-दुपारचा पीएच. हा फरक एकपेक्षा जास्त व्हायला लागला की बेड बसायच्या आठ-दहा दिवस आधी कळतं. खर्च काही नाही, फक्त रोज करावं लागतं.

त्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात धरण शंभर टक्के झालं. उणे साठवरून शंभर, म्हणजे दोन महिन्यांत ८५ टीएमसीहून जास्त पाणी. आधी जलपर्णीचे तराफे आले, मग चहाच्या रंगाचं पाणी. बरणीत वर काही तरंगेना. तळाला बोटभर गाळ. गावातून एकही फोन नाही. ऑपरेटर म्हणाला, "सुटलो सर."

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी होडी काढली आणि ताटली सोडली. एक गाठ, दोन, तीन. पाचव्या गाठीलाही ताटली पाण्यात चंद्रासारखी स्वच्छ दिसत होती. ऑपरेटर वाकून बघत म्हणाला, "काय झकास पाणी आहे!" मी दोरी अजून सोडत होतो. सातव्या गाठीला ताटली दिसेनाशी झाली. त्याला म्हटलं, बरणी धुऊन खिडकीत ठेव, आणि शेडनेटचं माप घे.